आमच्या वर्गातला काडीपैलवान

प्रयोगशाळेच्या कपाटात एक सांगाडा आहे. प्लॅस्टिकचा. कवटीच्या माथ्यावर हूक, आणि त्या हुकानं तो लोखंडी दांड्याला टांगलेला. दरवर्षी नवा वर्ग येतो, त्याला नवं नाव देतो आणि वर्ष संपलं की विसरून जातो. पण कधीतरी एका वर्गानं ठेवलेलं ‘काडीपैलवान’ हे नाव टिकलं, ते आजतागायत. त्याच्या उजव्या करंगळीचं शेवटचं पेर मी इथे यायच्याही आधीपासून गायब आहे. त्यामुळे माणसाच्या अंगात २०६ हाडं असली, तरी आमच्या काडीपैलवानात २०५ आहेत.

त्याला बाहेर काढलं की मुलांचं ठरलेलं असतं. आधी किंचाळी, मग खिदळणं, मग कोणीतरी धीट पुढे येऊन त्याच्याशी हस्तांदोलन करतो. जबड्याला स्प्रिंग आहे, ती ओढून ‘हा बोलतो’ असं दाखवणारा एक तरी निघतोच. हे सगळं आटोपेपर्यंत तासातली दहा मिनिटं गेलेली असतात. पूर्वी मला ती वाया गेल्यासारखी वाटत.

तेव्हा माझा धडाही ठरलेला होता. कवटी, बरगड्या, मणके, मांडीचं हाड सगळ्यांत लांब, कानातली रिकीब सगळ्यांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटर. सांध्यांचे प्रकार. शेवटी फळ्यावर एक वाक्य: ‘दूध प्या, हाडं मजबूत होतात.’ त्याखाली रेघ. घंटा.

एका वर्षी ती रेघ ओढून होते न होते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला. ‘बाई, मला दूध सोसत नाही. पोट दुखतं. मग माझी हाडं?’ प्रश्न विचारताना तो स्वतःचं मनगट चाचपून बघत होता. मी काय म्हणाले ते आठवलं की अजून ओशाळायला होतं. ‘मग थोडं थोडं प्यायचं,’ म्हणाले आणि खडू ठेवला.

त्यानं मान हलवली. मुलं अशा वेळी मान हलवतात. उत्तर पटलं म्हणून नव्हे, बाईंना पुढे जायचंय हे त्यांना कळतं म्हणून.

त्या दिवशी घरी येताना डोक्यात एक शब्द घोळत राहिला. मराठीत सापळा म्हणजे सांगाडा, आणि सापळा म्हणजे उंदीर पकडायचा पिंजराही. मी त्या दुसऱ्या सापळ्यात अडकले होते. कपाटातल्या त्या पांढऱ्या, कोरड्या, खडखडणाऱ्या वस्तूवरून मी हाड शिकवत होते, आणि शरीरातलं हाड पांढरं नसतं, कोरडं तर नसतंच. ‘स्केलेटन’ या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थच ‘वाळलेलं’ असा होतो. नावातच गफलत. जिवंत हाड गुलबट, ओलसर असतं, त्यात रक्तवाहिन्या जातात, नसा जातात. मोडलं की दुखतं ते त्यामुळेच. पोकळीतल्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात, म्हणजे मुलं स्प्रिंग ओढून खिदळत असतात तेव्हा त्यांच्याच बरगड्यांत आणि मणक्यांत रक्ताचा कारखाना चालू असतो.

एकदा ‘हाड जिवंत आहे’ हे मनात धरलं, की धडा कुठून सुरू करायचा तेच बदलतं. मी काडीपैलवानाला कपाटातच ठेवलं आणि मुलांना म्हटलं, आज फक्त स्वतःचं अंग चाचपायचं. गळ्याखाली आडवं हाड लागतंय का? नडगीवरून बोट फिरवा, तिथे कातडी आणि हाड यांच्यात काहीच नाही, म्हणूनच बाकावर आपटली की ब्रह्मांड आठवतं. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तो मात्र हाडाचा गुन्हा नाही, तिथून अगदी वरवर जाणाऱ्या एका नसेचा आहे. आता पाठीच्या कण्यावरून खाली खाली जा. जिथे संपतं ते माकडहाड. या शब्दाला वर्गात नेहमी टाळी पडते. शेपूट होती त्याची उरलेली खूण, एवढं सांगितलं की उरलेला तास एकमेकांना माकड म्हणण्यात जातो, जाऊ द्यावा. कान दुमडून बघा, मोडला का? नाक हलवून बघा. ही कूर्चा. आणि मग काडीपैलवानाला नाक का नाही, हे कुणालाच विचारावं लागत नाही. मऊ होतं ते गेलं, कडक होतं ते उरलं.

हात आणि पाय मोजायला लावले, तर एकेका हातात २७ आणि एकेका पायात २६ हाडं निघतात. चारही मिळून १०६. अर्ध्याहून जास्त हाडं माणसानं हातापायांच्या टोकांना गोळा करून ठेवली आहेत. बोटं नाचवत मुलं हे दहा वेळा मोजतात. जिराफाच्या मानेत किती मणके, असं विचारलं तर शंभरापर्यंत आकडे येतात. सात. आपल्याही मानेत सात.

मोजण्यावरून एक गंमत सांगते, कारण मुलांपेक्षा मलाच ती जास्त आवडते. चरकांच्या मोजणीत माणसाची हाडं ३६० आहेत, सुश्रुतांच्या मोजणीत ३००. पूर्वी मी हे ‘जुन्या लोकांची चूक’ म्हणून सोडून द्यायचे. पण त्यांनी दात मोजले होते, चरकांनी तर नखंही धरली होती. सुश्रुतांनी मृतदेह वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून मग थर हळूहळू घासून काढत आतलं बघायची रीत सांगितली आहे. इतक्या चिकाटीच्या माणसाला मोजता येत नव्हतं असं कसं म्हणणार? प्रश्न आकड्याचा नव्हताच, हाड कशाला म्हणायचं याचा होता. दातांना आज आपण हाडांत धरत नाही. हाड मोडलं तर सांधतं, दाताचा तुकडा उडाला तर तो उडालाच. आणि आपल्या २०६ ची तरी काय मातब्बरी? जन्मलेल्या बाळात ही संख्या तीनशेच्या आसपास असते. डोक्याची हाडं सुटी असतात, त्यांच्यामधली मऊ टाळू साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत भरून येते. कण्यात जन्मतः ३३ मणके, पण खालचे पाच जुळून एक होतात, माकडहाडाचे चारही जुळतात आणि मोठ्या माणसात २६ उरतात. गळ्याजवळच्या त्या आडव्या हाडाचं टोक तर पंचविशीच्या आसपास पुरतं जुळतं. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या कुठल्याच मुलात २०६ हाडं नसतात. तरी मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून ‘आपल्या शरीरात २०६ हाडे असतात’ असं वहीत लिहून घेत होते.

मग प्रयोगाची पाळी. कोंबडीच्या पायाची स्वच्छ केलेली दोन हाडं आणली. एक व्हिनेगरच्या बरणीत टाकलं. चार-पाच दिवस, मधे एकदा व्हिनेगर बदलून. दुसरं मी घरी भट्टीत भाजलं आणि भाजलं म्हणजे जाळलंच. दोन दिवस घरात त्याचा वास होता, त्याबद्दल घरच्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आठवड्यानं दोन्ही हाडं वर्गात फिरवली. व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकत होतं, एका मुलीनं तर त्याची गाठ मारायचा प्रयत्न केला. भाजलेलं हाड दिसायला तसंच्या तसं, पण चिमटीत धरल्याबरोबर त्याचा भुगा झाला.

हाड दोन गोष्टींचं बनलेलं असतं, हे यानंतर सांगावं लागलं नाही. एक लवचिक धागा, कोलॅजेन नावाचं प्रथिन. त्याच्यावर बसलेलं कडक खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं. आम्लानं खनिज नेलं, धागा उरला. आगीनं धागा नेला, खनिज उरलं. लहान मुलांच्या हाडात लवचिकपणा जास्त असतो, म्हणून त्यांचं हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखं एका बाजूनं चिरतं, दुसऱ्या बाजूनं नुसतं वाकतं. म्हातारपणी तेच हाड वाळलेल्या काटकीसारखं कडकन मोडतं. वाळलेली काटकी आणि ओली फांदी यांतला फरक सांगायला कुठलंही पुस्तक लागत नाही.

पण प्रयोग खरं दाखवतो आणि त्याच वेळी एक खोटंही पेरतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. एक मुलगी रडवेली होऊन आली. रात्री जेवताना तिनं लिंबू पिळलं नव्हतं, ताक प्यायलं नव्हतं. ‘आंबट खाल्लं की हाडं विरघळतात ना बाई?’ तिच्या शंकेत चूक काहीच नव्हती, मी दाखवलं होतं ते तिनं पुरतं खरं मानलं होतं. मग वर्गाला सांगितलं की आपल्या पोटात व्हिनेगरपेक्षा कितीतरी जास्त तीव्र आम्ल मुळातच असतं, अन्न पचवण्यासाठी. लिंबाचा रस पोटातून तसाच्या तसा हाडाकडे वाहत जात नाही; रक्ताचा आंबटपणा शरीर फार कडक पहाऱ्यात एका ठरावीक मापात ठेवतं. हाड बरणीत बुडालेलं नाही, शरीरात आहे. तेव्हापासून तो प्रयोग मी करते तेव्हा बरणीवर आधीच चिठ्ठी लावते: ‘आपण बरणी नाही.’

त्यानंतर आम्ही एक खेळ बसवला. त्याचं श्रेय मी घेते, पण त्यातला सगळ्यांत चांगला भाग माझा नव्हे.

हाडात सतत दोन प्रकारच्या पेशींचं काम चालू असतं. एक जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं भरतात. मोठ्या माणसात दरवर्षी साधारण दहावा हिस्सा हाड असं बदललं जातं, म्हणजे दहाएक वर्षांत अंगातला सांगाडा जवळपास नवा. वर्गात लाकडी ठोकळ्यांची भिंत उभी केली. चार मुलं फोडणारी, चार बांधणारी, बाकीचे ठोकळे पुरवणारे. शिट्टी वाजली की दोन्ही गट कामाला. पहिला डाव लहानपणाचा: बांधणाऱ्यांना जास्त गडी. भिंत वाढली. दुसरा डाव तिशीचा: सारखे गडी. भिंत जागच्या जागी, पण पाच मिनिटांनी बघितलं तर एकही ठोकळा मूळचा नाही. तिसरा डाव म्हातारपणाचा: बांधणारे थकलेले, एक कमी. फोडणाऱ्यांनी नुसता हैदोस घातला. एकानं तर बांधणाऱ्यांच्या हातातलाच ठोकळा पळवला, त्याला समज द्यावी लागली.

तेवढ्यात त्या धुमश्चक्रीतून एकीनं विचारलं, ‘पण फोडतातच कशाला? नुसतं बांधत बसलं तर?’

खेळाचा हेतू मला तोवर नीट कळलाच नव्हता असं म्हणायला हरकत नाही. मी उत्तर न देता ठोकळ्यांची नळी बांधायला लावली, मध्ये पोकळ. म्हटलं, आता हे बाळाचं मांडीचं हाड. याला मोठं करा, पण नुसतं बांधून, काहीही न काढता. त्यांनी बाहेरून थर चढवले. नळी जाड झाली, आतली पोकळी मात्र तेवढीच चिमुकली राहिली, आणि ठोकळे इतके लागले की ते हाड उचलणं त्यांनाच जमेना. मग कोणीतरी आतून एक थर काढला. पोकळी रुंदावली, वजन घटलं. बाहेर बांधायचं, आत फोडायचं, तरच हाड वाढतं. शिवाय रोजच्या धावपळीत हाडात बारीक बारीक तडे जातात, ते भाग काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. फोडणारे गडी खलनायक नाहीत हे कळल्यावर ज्यांना तो गट मिळाला होता त्यांचे चेहरे खुलले.

आणि मग मी ठोकळ्यांची टोपली काढून घेतली. ‘आता बांधा.’

खाण्याचा विषय मी आता इथून काढते. टोपली रिकामी झाली की मुलंच विचारतात, ठोकळे येतात कुठून. हाडांत आणि दातांत शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम असतं. उरलेला एक टक्का रक्तात, स्नायूंत, नसांत फिरतो आणि त्याच्याशिवाय हृदयाचा एक ठोकाही पडत नाही. त्यामुळे जेवणातून कमी आलं तर शरीर हृदयाला थांब म्हणत नाही. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या हाडांकडून उसनं मागतात. हाड देतं. रोज उसनं मागितलं तरी रोज देतं, तक्रार करत नाही, दुखत नाही. पन्नास वर्षांनी एखाद्या दिवशी पाय घसरतो आणि हिशेब बाहेर येतो. अनेकांना इथे बँकेची उपमा द्यायचा मोह होतो. मी देत नाही. दहा वर्षांच्या मुलाला बँक माहीत नसते, आणि मागूनसुद्धा परत न मिळालेलं उसनं मात्र प्रत्येकाला माहीत असतं.

या वयाचं महत्त्व मात्र मी मुलांपेक्षा पालकांना जास्त सांगते. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं त्यातलं सुमारे ९० टक्के अठरा ते वीस वर्षांपर्यंत बांधून झालेलं असतं. त्यातलाही साधारण पाव हिस्सा वयात येतानाच्या झपाट्याच्या दोन वर्षांत बसतो. नेमक्या त्याच दोन वर्षांत मुलं जेवण टाळायला लागतात, मुली वजनाच्या धास्तीनं अर्धपोटी राहायला लागतात.

दूध सोसत नसलेल्या मुलाकडे परत येते, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे बाकी होतं. दूध चांगलंच. मोठ्या पेलाभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतो. नऊ ते अठरा या वयासाठी अमेरिकेत रोज १३०० मिलिग्रॅम सांगतात. इतर देशांचे आकडे वेगवेगळे आहेत, पण झुकतं माप वाढत्या वयाला सगळीकडेच. दूध सोसत नाही अशांपैकी पुष्कळांना दही चालतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर काही प्रमाणात आधीच फस्त करतात. तेही नको असेल तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे, तीळ, बदाम, कडधान्यं, पालेभाज्या, कॅल्शियम घालून बनवलेलं सोयाबीनचं पनीर. फक्त पालेभाजी म्हटलं की पालक, ही आपली समजूत इथे दगा देते. पालकात कॅल्शियम भरपूर आहे, पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला घट्ट धरून ठेवतं आणि आपल्या वाट्याला जेमतेम पाच टक्के येतं. पालक जरूर खावा, दुसऱ्या कारणांसाठी. कोबीच्या कुळातल्या हिरव्या भाज्या, ब्रोकोली वगैरे, या बाबतीत फार उदार आहेत. आणि व्हिनेगरमधलं ते रबरी हाड आठवत असेल तर डाळी, अंडी, मासे का लागतात हे वेगळं सांगायला नको. धागा प्रथिनाचा असतो. दूध म्हणजेच हाड, असं समीकरण मी फळ्यावर मांडलं तेव्हा धागा साफ विसरले होते.

त्या मुलाला हे सगळं मी सांगितलं, तब्बल दोन आठवडे उशिरा. त्यानं विचारलं, ‘म्हणजे मला आहेत हाडं?’ गंमत करत होता की खरंच विचारत होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

टोपली भरली तरी एक अडचण उरते: दारात कोणी उभं नसेल तर ठोकळे आत येत नाहीत. आमच्या खेळात दारावर उभी राहणारी मुलगी म्हणजे ड जीवनसत्त्व. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जायला ते लागतं. खाण्यातून ते फार थोडं मिळतं, बरंचसं कातडीवर ऊन पडल्यावर तयार होतं. हे माणसाला कळायला फार काळ गेला. मुडदूस झालेल्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे, आणि धुरानं काळवंडलेल्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत तो आजार घरोघर होता. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडून ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना ओट खायला घालून मुडदूस आणला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं बरा केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की हे डॉक्टर मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली बसवत होते. त्यांनी एकाच हातावर प्रकाश टाकला, तरी सुधारणा दोन्ही हातांच्या हाडांत झाली. म्हणजे प्रकाशानं कातडीत काहीतरी तयार होतं आणि ते अंगभर फिरतं. १९२२ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ मॅकॉलम यांनी त्या तेलातलं हे तत्त्व वेगळं असल्याचं दाखवलं, त्यालाच ड हे अक्षर मिळालं. एका हातावर ऊन आणि दुसरा हातही बरा, ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी खिडकीजवळच्या बाकाची जागा मागतं. तिथे मला सांगावं लागतं की काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. मैदानात जा.

मैदानात जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मुलांना सगळ्यांत आवडतं. हाडावर भार पडला की ते स्वतःला मजबूत करतं. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अवकाशात, जिथे अंगाला वजनच जाणवत नाही, तिथे अवकाशवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. म्हणून त्यांना तिथेही रोज तास-दोन तास व्यायाम करावा लागतो. उड्या मारणं हा हाडाचा अभ्यास आहे, असं मी एकदा बोलून गेले. त्याचे परिणाम खालच्या मजल्यावरच्या वर्गाला भोगावे लागले.

मधल्या सुट्टीत झाडावरून पडून एक मुलगा हात मोडून घेऊन आला, तेव्हा काडीपैलवानाची गरजच संपली. प्लॅस्टरवर सह्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात तो एक्स-रेची फिल्म घेऊन आला, आम्ही ती खिडकीच्या काचेला चिकटवली. १८९५ च्या डिसेंबरात एक्स-रे शोधणाऱ्या रोंटगेन यांनी बायकोच्या हाताचा असाच फोटो काढला होता, बोटातल्या अंगठीसकट. तो पहिल्यांदा बघणाऱ्यांचं जे झालं असेल तेच वर्गाचं झालं. आणि मग एकदम कुजबुज. मनगटाजवळ, दोन्ही हाडांच्या टोकाशी, आरपार काळी फट दिसत होती. ‘बाई, इथे पण मोडलंय! डॉक्टरांना दिसलंच नाही!’

ती मोडल्याची फट नव्हती. लांब हाडं टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून वाढतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे पोकळी वाटते. वाढ संपली की ती पट्टी हाडानं भरून जाते. मुलांना म्हटलं, माझ्या हाताच्या फिल्ममध्ये ती नसेल, तुमच्या प्रत्येकाच्या हातात ती आहे. मोडलेली जागा त्याच्या बरीच वर होती, एक बारीक वाकडी रेघ. तिथे आधी रक्त गोठतं, मग कूर्चेसारखा मऊ जोड बसतो, मग कडक हाडाचा, गाठीसारखा दिसणारा जोड, आणि पुढे महिनोन् महिने फोडणारे आणि बांधणारे मिळून त्या गाठीला पुन्हा मूळ आकारावर आणतात. तो मुलगा महिना-दीड महिना वर्गाचा मानकरी होता. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात बारीक आणि केसाळ दिसत होता, याचं त्याला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास घरी आईचं मनगट मोडलं. ती पडलीही नव्हती धड. दाराच्या चौकटीला धरता धरता तोल गेला, एवढंच. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. स्वयंपाकघरातल्या ज्या फळीवरचा डबा ती सहज काढायची, तो गेली दोन-तीन वर्षं मला काढायला सांगत होती. मला वाटायचं हात दुखतो. आता मोजलं तर उंची दीड इंचानं कमी झाली होती, मणके दबले होते. हाड दुखत नाही, तक्रार करत नाही, हे मी वर्गात किती ऐटीत सांगत होते. आमच्यासाठी तिनं हाडाची काडं केली, असं आम्ही भावंडं सहज बोलून जायचो. तिची फिल्म मी कुठल्या वर्गात लावली नाही.

तिला सध्या गोळ्या चालू आहेत, सकाळी उन्हात चालणं आहे, ताटात दही आणि डाळ वाढवली आहे. ‘या वयात आता काय बांधणार?’ म्हणते. मी तिला ठोकळ्यांचा तिसरा डाव सांगितला. बांधणारे थकलेत, पण गेलेले नाहीत. त्यांना ठोकळे पोचवायचे आणि फोडणाऱ्यांना जरा आवरायचं, गोळी तेच करते. तिला तो ठोकळे पळवणारा मुलगा फार आवडला. त्याचं पुढे काय झालं ते अजून विचारते.

वर्षाअखेरीच्या परीक्षेत मी तो जुना प्रश्न मुद्दाम ठेवला होता. ‘मानवी शरीरात किती हाडे असतात?’ एका गुणाचा प्रश्न, एका ओळीची जागा. बहुतेकांनी २०६ लिहिलं. ज्या मुलीनं ‘फोडतातच कशाला’ म्हणून विचारलं होतं, तिनं ती ओळ भरून समासातही लिहिलं होतं:

‘मोठ्या माणसात २०६. आपल्या काडीपैलवानात २०५. माझ्यात किती, ते अजून चालू आहे.’